नाडी पाहणाऱ्याचा हात जड झाला तेव्हा

अपुऱ्या दिवसांच्या, एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात रक्त किती असते? साधारण ८० ते ९० मिलिलिटर. एसटी स्टँडवरच्या कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढे. त्या बाळाची साखर, क्षार, कावीळ, जंतुसंसर्ग आणि रक्तातले वायू पाहायचे तर दर वेळी थोडे रक्त काढावे लागते. एका नळीत एक मिलिलिटर, दुसरीत अर्धा. मोठ्या माणसाला हे जाणवणारही नाही, त्याच्या अंगात पाच लिटर असते. बाळाच्या बाबतीत मात्र एक मिलिलिटर म्हणजे अंगातल्या सगळ्या रक्ताच्या एक टक्क्याहून जास्त. आठ-दहा दिवस असे चालले की बाळ फिकट पडते आणि त्याला रक्त द्यावे लागते. हा रक्तक्षय काही अंशी आजाराचा नसतो, तपासणीचा असतो.

नवजात अतिदक्षता कक्षात काम करणाऱ्यांना हा हिशेब पाठ असतो. म्हणून तिथला जुना डॉक्टर ‘ही पण तपासणी पाठवून देऊ, असू दे’ असे सहसा म्हणत नाही. अहवाल पाहून उपचार बदलणार नसतील तर सुई टोचायचीच नाही, असा त्याचा नियम असतो. रक्त काढून नळी फ्रिजमध्ये ठेवली आणि तपासणी केली नाही, तरी बाळाचे रक्त गेलेले असतेच.

त्या बाळाच्या उशाशी हृदयाचे ठोके आणि प्राणवायूचे प्रमाण दाखवणारा मॉनिटर असतो. त्याच्या पोटात एक छोटा संगणक असतो आणि त्या संगणकाचीही तपासणी करावी लागते. तो मध्येच का अडकला, कोणते काम उशिरा झाले, कोणी कोणाला थांबवून ठेवले हे पाहावे लागते. ही तपासणी करणारा भागही प्रोग्रॅमच असतो आणि तोही त्याच संगणकाच्या वेळेवर आणि स्मरणशक्तीवर जगतो. म्हणजे रक्त त्याच बाळाचे. २००८ साली अशाच एका तपासणीने जगभरातल्या काही संगणकांना कायमची इजा केली. शेवटी ती तपासणी सुरुवातीपासूनच वगळून टाकण्याचा निर्णय घ्यावा लागला. संगणक क्षेत्राबाहेर ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. वैद्यकशास्त्रात काम करणाऱ्याला मात्र ती आपल्याच वॉर्डातली वाटेल.

आधी थोडी ओळख. संगणकात किंवा मोबाइलमध्ये आपण जे ॲप उघडतो ते स्वतः यंत्राला हात लावत नाही. मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि तिचा गाभा म्हणजे कर्नल. प्रोसेसर कोणाला किती वेळ द्यायचा, मेमरीतली कोणती जागा कोणाला द्यायची, पडद्यावर, नेटवर्कवर किंवा डिस्कवर कोणी लिहायचे हे सगळे कर्नल ठरवतो. मोठ्या सरकारी रुग्णालयात खाटा, औषधे, ऑपरेशन थिएटर आणि कर्मचारी यांची वाटणी करणारे कार्यालय असते, तसेच हे. रुग्णाला ते दिसत नाही, पण ते अर्धा तास बंद पडले तर सगळे रुग्णालय बंद पडते. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतलेला लिनक्स हा आज सर्वांत जास्त पसरलेला कर्नल आहे. ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे, त्यांच्या खिशात तो आहे. मग तो फोन रंकाळ्यावर फिरायला आलेल्या माणसाचा असो की गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायला थांबलेल्या पैलवानाचा.

कर्नलमध्ये हजारो छोटी छोटी कामे असतात. प्रोग्रॅमर त्यांना फंक्शन म्हणतात. एका फंक्शनने दुसऱ्याला हाक मारायची, त्याने तिसऱ्याला, असे सेकंदाला लाखो वेळा चालते. यात कुठे गडबड झाली तर बाहेरून काही कळत नाही, फक्त यंत्र मंदावते किंवा गोठते. म्हणून कोणते फंक्शन कधी सुरू झाले, त्याला किती वेळ लागला याची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम कर्नलच्या आतच बसवतात. या नोंद ठेवण्याला ट्रेसिंग म्हणतात. मराठीत मागोवा म्हणू. ईसीजीची पट्टी जशी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा माग ठेवते, तसे हे कर्नलचे आहे.

दुसरी ओळख कंपाइल या शब्दाची. कोल्हापूरच्या वाचकाला ती गुऱ्हाळावरून चटकन होईल. उसाचा रस काहिलीत चढतो, भेंडीचा रस घालून मळी काढली जाते, गुळव्या पाक पाहतो, मग तो वाफ्यात ओततात आणि शेवटी ढेप बांधली जाते. रंग उजळ यावा म्हणून हायड्रॉस पावडर टाकायची की नाही, हे काहील चुलवाणावर असतानाच ठरते. एकदा ढेप बांधली की ‘आता यातला हायड्रॉस बंद करा’ असे म्हणता येत नाही. टाकला असेल तर आहे, नसेल तर नाही. प्रोग्रॅमर जे लिहितो तो रस, यंत्राला कळेल असे त्याचे घट्ट रूप म्हणजे ढेप आणि रसाची ढेप करणे म्हणजे कंपाइल करणे. लिनक्समध्ये ही काहील चढवण्यापूर्वी हजारो प्रश्नांची एक यादी भरतात. हा भाग घ्यायचा का, तो घ्यायचा का, हो की नाही. ज्याला ‘नाही’ म्हटले, तो भाग तयार कर्नलमध्ये उतरतच नाही. ट्रेसिंगही त्याच यादीत असते.

आता कोणी म्हणेल, ट्रेसिंग घालून ठेवावे आणि गरज नसेल तेव्हा बटण बंद करावे, त्यात एवढे काय? पण बंद असण्याचे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी एक विचारणा असते, ‘नोंद करायची आहे का?’ उत्तर ‘नाही’ आले की पुढे जायचे. विचारणा क्षुल्लक, पण ती सेकंदाला लाखो वेळा होते. लिनक्समध्ये सुरुवातीला याचे मोजमाप झाले तेव्हा काहीही नोंद न करता, नुसते ‘नाही’ ऐकून परत येण्यापायी काही चाचण्यांत दहा टक्क्यांहून अधिक वेग गेल्याचे दिसले. सुई टोचली, रक्त काढले आणि नळी फ्रिजमध्ये ठेवली, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा प्रकार हुशारीचा. कर्नल चालू असतानाच त्याच्या मेमरीतली ती विचारणा पुसून तिथे ‘काही करू नकोस, पुढे जा’ एवढीच सूचना लिहायची. प्रोग्रॅमर तिला नॉप म्हणतात. ती प्रोसेसरला जवळजवळ फुकट पडते. ट्रेसिंग हवे झाले की नॉप पुसून पुन्हा मूळ हाक लिहायची. म्हणजे धावत्या एसटीचे टायर बदलण्याचा प्रकार. तिसरा प्रकार म्हणजे काहिलीतच न टाकणे.

अमेरिकेतल्या रेड हॅट कंपनीतले स्टीव्हन रॉस्टेड यांनी इंगो मोलनार यांच्या जुन्या कामाच्या आधारे एफट्रेस नावाची ट्रेसिंगची यंत्रणा उभी केली आणि ती २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीत आली. तिच्यात दुसरा, हुशारीचा प्रकार होता. एखादे फंक्शन पहिल्यांदा चालले की एफट्रेस त्याचा पत्ता आपल्या वहीत टिपून घेई. मग एक सेवक दर सेकंदाला उठे, वही उघडे आणि टिपलेल्या प्रत्येक पत्त्यावर जाऊन विचारणेच्या जागी नॉप लिहून येई. असे केल्याने ट्रेसिंग कर्नलमध्ये असूनही वेगाची झळ जवळजवळ नाहीशी झाली. काम खरोखर सुरेख होते.

सप्टेंबर २००८ मध्ये विचित्र तक्रारी येऊ लागल्या. २.६.२७ ही आवृत्ती अजून तयार होत होती आणि ओपनसुसे, उबुंटू, फेडोरा, मँड्रिव्हा या लिनक्सच्या वितरकांनी तिच्या चाचणी प्रती बाहेर दिल्या होत्या. हौशी मंडळी त्या आपल्या लॅपटॉपवर चालवून पाहत होती. त्यांतल्या काहींचे इंटेलचे नेटवर्क कार्ड अचानक मेले. ते ज्या प्रोग्रॅमने चालायचे त्याचे नाव ई-१०००-ई. कर्नल बिघडला तर यंत्र बंद करून चालू केले की सहसा ताळ्यावर येते. इथे तसे होईना. जुना कर्नल घाला, विंडोज घाला, कार्ड उठेना. कार्डाच्या आत एक छोटी कायमस्वरूपी मेमरी असते. त्या कार्डाची ओळख, त्याचा क्रमांक, त्याच्या जुळवणीच्या किमती तिथे कोरलेल्या असतात. तिथलाच मजकूर विस्कटला होता. कार्ड मदरबोर्डावरच बसवलेले, त्यामुळे ते काढून दुसरे लावण्याचीही सोय नव्हती. ज्यांनी आधी त्या मेमरीची प्रत काढून ठेवली होती त्यांना ती परत भरता आली. पण निरोगी असताना असा अहवाल कोण काढून ठेवतो?

शोध सुरू झाला आणि तो फार अवघड निघाला. एरवी प्रोग्रॅममधला दोष शोधताना तो पुन्हा पुन्हा घडवून पाहतात, अर्धे बदल काढून टाकतात, उरलेल्यात दोष आहे का पाहतात, मग त्यातले अर्धे काढतात. इथे प्रत्येक प्रयोगाला एक कार्ड बळी जाण्याची भीती. शिवाय दोष दर वेळी घडेलच असेही नव्हते. संशय साहजिकच ई-१०००-ई या ड्रायव्हरवर गेला. काहींचा संशय पडद्यावर चित्रे उमटवणाऱ्या प्रोग्रॅमवर होता, कारण तोही त्याच सुमारास बदलला होता. काही वितरकांनी आपल्या चाचणी प्रतींतून तो ड्रायव्हरच काढून टाकला. इंटेलच्या अभियंत्यांनी आधी रुग्ण वाचवण्याचे पाहिले. कार्डाच्या त्या मेमरीला कुलूप घालणारा बदल केला, म्हणजे कोणीही लिहायला गेले तरी लिहिले जाणार नाही. रोगाचे कारण अजून सापडले नव्हते. ९ ऑक्टोबर २००८ रोजी २.६.२७ ही आवृत्ती या कुलपासह, पण निदानाविना बाहेर पडली. तापाचे कारण कळण्याआधी रुग्णाला सलाइन लावणे चुकीचे नसते. मात्र ताप उतरला म्हणून शोध थांबवणे चुकीचे ठरले असते आणि या मंडळींनी तो थांबवला नाही.

आठवड्याच्या आत निदान झाले. दोषी नेटवर्कचा ड्रायव्हर नव्हता. दोषी होता एफट्रेस, म्हणजे रोग शोधण्यासाठी बसवलेले यंत्रच.

झाले ते असे. कर्नलमध्ये गरजेप्रमाणे जोडायचे काही तुकडे असतात. त्यांना मॉड्यूल म्हणतात. मॉड्यूल जोडताना त्याची सुरुवातीची जुळवाजुळव करणारा भाग एकदाच चालतो. त्याचे काम संपले की कर्नल त्याची मेमरी मोकळी करतो आणि दुसऱ्या कोणाला देतो. एफट्रेसच्या वहीत मात्र जुना पत्ता तसाच राहिला. वॉर्डात डिस्चार्ज झालेल्या रुग्णाच्या नावाऐवजी ‘खाट क्रमांक १४’ एवढेच इंजेक्शनच्या यादीत लिहून ठेवले तर काय होईल, हे कोणत्याही सिस्टरला विचारा. रुग्ण घरी गेला, खाटेवर दुसरा आला आणि यादी तीच. इथे चौदा नंबरच्या खाटेवर येऊन निजले ते नेटवर्क कार्ड. मोकळ्या झालेल्या त्याच पत्त्यावर कर्नलने कार्डाची ती कायमस्वरूपी मेमरी जोडून दिली होती.

एफट्रेस अगदीच बेफिकीर होता असेही नाही. लिहिण्याआधी तो तिथे अपेक्षित मजकूर आहे का, हे पाहत होता. म्हणजे सिस्टर खाटेजवळ जाऊन नाव विचारत होत्या. त्यासाठी त्याने प्रोसेसरची एक खास सूचना वापरली होती, जी एकाच झटक्यात तुलना करते आणि जुळले तर बदल करते. पण या सूचनेची एक खोड आहे. तुलना जुळली नाही तरी प्रोसेसर जे वाचले तेच त्या जागी परत लिहिण्याचा फेरा पुरा करतो. साध्या मेमरीत याने काही बिघडत नाही, तीच किंमत पुन्हा लिहिली जाते. पण त्या पत्त्यावर साधी मेमरी नव्हती, एक उपकरण होते. उपकरणाला लिहिण्याचा इशारा म्हणजे आज्ञा. नाव विचारतानाच सुई लागली.

ई-१०००-ई हा ड्रायव्हर निर्दोष होता, तरी या प्रकाराला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. आजाराला नाव पडले ते रोग्याचे.

निदानानंतर दोन वाटा होत्या. एफट्रेस नीट करायचा किंवा काढायचा. नीट करण्याचे काम पुढच्या आवृत्तीसाठी चालूच होते, पण ते मोठे होते आणि घाईने केले तर नवा घोटाळा होण्याचा धोका. लोकांच्या हातात २.६.२७ पडून सहाच दिवस झाले होते. १५ ऑक्टोबर २००८ रोजी २.६.२७.१ ही दुरुस्त आवृत्ती निघाली, ती मुख्यतः एका गोष्टीसाठी. यादीतल्या त्या प्रश्नापुढे, म्हणजे चालत्या कर्नलमध्ये लिहिणाऱ्या एफट्रेसपुढे, ‘मोडलेला’ अशी खूण लावण्यात आली. ही खूण असलेला भाग साध्या मार्गाने कोणाला निवडताच येत नाही. काहील चढली तरी तो रसात पडणार नाही. ही दुरुस्ती सुचवणारे स्वतः रॉस्टेडच होते. आपणच मांडलेली तपासणी आपणच बंद करायची, तेही ती जन्मून आठवडा व्हायच्या आत, हे सोपे नसते.

वैद्यकशास्त्राला अशा निर्णयाला फार वेळ लागतो. हृदयातून फुप्फुसाच्या धमनीत सरकवायची स्वॉन-गँझ नळी १९७० मध्ये आली. त्या नळीने अत्यवस्थ रुग्णाच्या हृदयाचे दाब खाटेजवळ उभे राहून मोजता येऊ लागले. आकडे इतके छान मिळत, की जगभरच्या अतिदक्षता विभागांत ती सर्रास घातली जाऊ लागली. तिने रुग्ण जगतो का, हा प्रश्न कोणी गांभीर्याने विचारला नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या निरीक्षणात नळी घातलेल्यांमध्ये मृत्यू अधिक दिसले, तेव्हा खळबळ उडाली. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत सरसकट नळी घालण्याचा फायदा दिसला नाही. आता ती मोजक्याच रुग्णांसाठी वापरतात. यात पंचवीस-तीस वर्षे गेली. मोजता येते म्हणून मोजायचे, ही सवय डॉक्टरांची आहे तशीच अभियंत्यांचीही आहे. फरक एवढाच, की अभियंत्यांना आपली चूक फार लवकर दिसली. मेलेले कार्ड वाद घालत नाही.

मग ट्रेसिंग काहिलीतच न टाकणे केव्हाही बरे, असे म्हणायचे का? इथे दुसरी बाजू ऐकली पाहिजे आणि ती थेट मंगळावरून येते.

४ जुलै १९९७ रोजी नासाचे पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरले. काही दिवसांत त्याचा संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. प्रत्येक वेळी त्या दिवसाचे उरलेले काम खोळंबे. यानावर लिनक्स नव्हता, व्हीएक्सवर्क्स नावाची दुसरी प्रणाली होती. या प्रणालीत कामांना अग्रक्रम दिलेले असतात. झाले असे, की हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या खालच्या क्रमाच्या कामाने एक सामाईक किल्ली हातात घेतली. वरच्या क्रमाचे तातडीचे काम त्या किल्लीसाठी थांबले आणि तेवढ्यात मधल्या क्रमाच्या कामांनी हवामानवाल्याला मागे ढकलले. एक्स-रे खोलीची किल्ली साध्या रुग्णाच्या मामाकडे, तो मामा केसपेपरच्या रांगेत अडकलेला आणि अपघाताचा रुग्ण स्ट्रेचरवर ताटकळत, असा प्रकार. तातडीचे काम वेळेत झाले नाही हे पाहून यानातला पहारेकरी सगळेच बंद करून पुन्हा सुरू करी.

हे कळले कसे? पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत यानाची हुबेहूब प्रतिकृती होती. तिच्यावर तोच प्रोग्रॅम होता आणि त्या प्रोग्रॅममध्ये ट्रेसिंगचा भाग होता. तो मंगळावर नेलेल्या प्रोग्रॅममध्येही तसाच ठेवला होता, फक्त चालू नव्हता. अभियंत्यांनी प्रतिकृतीवर ट्रेसिंग चालू केले आणि दिवस उलटायच्या आत तोच बिघाड तिथे घडवून दाखवला. नोंदींत सगळा क्रम स्पष्ट दिसला. एका किल्लीची मांडणी बदलणारी दुरुस्ती मंगळावर पाठवली आणि बिघाड थांबला. यानाच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख ग्लेन रीव्ह्ज यांनी नंतर सांगितले, की ट्रेसिंग चुकून राहिलेले नव्हते, मुद्दाम ठेवले होते. जे उडवायचे तेच तपासायचे आणि जे तपासले तेच उडवायचे, असा त्यांचा नियम होता.

या नियमात मोठा अर्थ आहे आणि तो रुग्णालयातल्या यंत्रांना अगदी लागू पडतो. ट्रेसिंगसह कंपाइल केलेला प्रोग्रॅम आणि ट्रेसिंगविना केलेला प्रोग्रॅम, हे दोन वेगळे प्रोग्रॅम असतात. कामांची वेळ बदलते, मेमरीतल्या जागा बदलतात. कित्येक दोष नोंद चालू केली की लपतात आणि बंद केली की डोके वर काढतात. डॉक्टरांना पाहून ज्यांचा रक्तदाब चढतो त्या रुग्णांसारखेच हे, फक्त उलट्या दिशेने. कारखान्यात ट्रेसिंग ठेवून तपासले आणि विकताना ट्रेसिंग काढून पुन्हा कंपाइल केले, तर विकलेला माल न तपासलेला ठरतो. काढायचे असेल तर काढा, पण मग काढलेलेच रूप पहिल्यापासून तपासा. व्हेंटिलेटर किंवा सलाइनचा पंप घेताना खरेदी समितीत हा प्रश्न कोणी विचारत नाही. वॉरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस इंजिनीअर पुण्याहून येणार की मुंबईहून, एवढ्यावर चर्चा संपते.

काढण्याची सक्त गरज असते ती छोट्या यंत्रांत. घरातल्या जुन्या वायफाय राउटरमध्ये सगळी प्रणाली मिळून चार मेगाबाइटच्या मेमरीत कोंबलेली असे. तिथे ट्रेसिंगला जागाच नाही. लिनक्समध्ये तर कर्नलचे सगळे बोलणेच कंपाइल करताना बंद करता येते, म्हणजे बिघाड झाला तरी तो चकार शब्द काढणार नाही. जागा वाचते. पण त्या पर्यायाशेजारीच असे करू नका असा कडक सल्ला लिहिलेला आहे, कारण मग निदान करायला काही उरत नाही. मुक्या रुग्णाचा इतिहास कोण घेणार?

कर्नलचे काही भाग असेही आहेत, की जिथे ट्रेसिंग कायमचे वगळलेले असते. त्यातला पहिला स्वतः एफट्रेस. त्याच्या स्वतःच्या फाइल कंपाइल करताना नोंदीची ती विचारणा घातली जात नाही. नाही तर नोंद करणारा आपण नोंद करत असल्याची नोंद करत बसला असता आणि त्यातून बाहेर आलाच नसता. नोंदीवर वेळ टाकणारे घड्याळाचे भागही असेच वगळतात. म्हणजे सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्यावर कोणाचीच नजर नाही, ही अडचण तिथे आहेच आणि २००८ च्या बिघाडात तीच भोवली.

डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या २.६.२८ या आवृत्तीत एफट्रेस परतला, पण बराच बदलून. दर सेकंदाला उठून वही उघडणारा तो सेवक गेला. कोणत्या पत्त्यावर नोंदीची विचारणा आहे, याची यादी आता चालत्या कर्नलमध्ये टिपत बसायची नाही, ती कंपाइल करतानाच बनवून ठेवायची अशी व्यवस्था आली. ज्या भागाची मेमरी मोकळी होते त्याचे पत्ते वहीतून खोडले जाऊ लागले. लिहिण्यापूर्वी तिथे नेमके काय आहे ते वाचून पाहण्याची रीत बदलली. आणि कुठेही अनपेक्षित काही दिसले, की एफट्रेस इशारा देऊन स्वतःलाच बंद करून घेतो. यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत तो परत चालू होत नाही. आपला अंदाज चुकतो आहे असे वाटताच हातातली सुई खाली ठेवणारा शिकाऊ डॉक्टर ज्या वरिष्ठांना मिळतो ते नशीबवान. आज मोठ्या वितरकांच्या कर्नलमध्ये एफट्रेस सर्रास असतो आणि तो तिथे आहे हे सहसा कोणाला जाणवतही नाही.

त्याच यंत्रणेत रॉस्टेड यांनी प्रोग्रॅमरच्या सोयीसाठी आणखी एक साधन दिले आहे. काम करताना जागोजागी चटकन टिपणे टाकायची आणि काम झाले की ती काढून मगच कर्नल लोकांना द्यायचा. काढायला विसरणारे असतातच. म्हणून अशी टिपणे राहून गेलेला कर्नल सुरू होताना आपल्या संदेशांमध्ये ताऱ्यांची मोठी चौकट काढून जाहीर करतो, की हा दोष शोधण्यासाठी बनवलेला कर्नल आहे आणि रोजच्या वापरासाठी सुरक्षित नाही. खाली वाचणाऱ्यासाठी सूचना असते. तुम्ही दोष शोधत नसाल आणि तरीही ही चौकट तुम्हाला दिसत असेल, तर ज्याने हे यंत्र तुम्हाला दिले त्याला ताबडतोब कळवा.